कोर्स चांगला, की मुलंच आधीपासून तयारीची?

प्रश्न: आमच्या संशोधन विद्यापीठात तीन वर्षांपूर्वी फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी, मॅथ्स एकत्र शिकवणारा दोन वर्षांचा कोर्स सुरू झाला. ज्यांना हवा ते घेतात, बाकीचे जुन्याच पद्धतीने शिकतात. फीडबॅक मस्त येतोय, मार्कही जास्त पडतायत. मूल्यमापनाचा रिपोर्ट लिहायचं काम माझ्याकडे आलंय. कोर्स यशस्वी झाला असं लिहू का? – एक प्राध्यापिका

उत्तर: मॅडम, एवढ्यावर नका लिहू.

"ज्यांना हवा ते घेतात", इथेच गोम आहे. असला कोर्स आपणहून घेणारी मुलं बहुतेकदा आधीच तयारीची असतात, मग ती पुढे गेली तर श्रेय कोर्सचं की त्यांचं, कळणार कसं? जागांपेक्षा अर्ज जास्त येत असतील तर चिठ्ठ्या टाकून प्रवेश द्या आणि ज्यांचा नंबर लागला नाही त्यांचाही पुढचा रेकॉर्ड ठेवा, तुलनेला याच्याइतका चांगला गट मिळणार नाही. तेही जमत नसेल तर नव्या बॅचपासून दोन्हीकडच्या मुलांची सुरुवातीला एकच टेस्ट घ्या आणि शेवटी तीच परत. वाढायला जेवढा वाव होता त्यातलं किती वाढलं ते बघायचं, म्हणजे १०० पैकी ४० वरून ७० झाले तर ६० पैकी ३०, ०.५. फिजिक्सचे प्राध्यापक रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये ६,५०० हून जास्त मुलांचे मेकॅनिक्सचे आकडे असेच मांडले, नेहमीच्या लेक्चरच्या वर्गांत सरासरी ०.२३ आली आणि मुलांना चर्चेत ओढणाऱ्या वर्गांत ०.४८.

फीडबॅक ठेवा, पण तो शिकण्याचा पुरावा नाही. २०१९ च्या हार्वर्डमधल्या एका अभ्यासात, वर्गात स्वतः गणितं सोडवणारी मुलं नुसतं लेक्चर ऐकणाऱ्यांपेक्षा जास्त शिकली होती पण त्यांना वाटत होतं आपण कमी शिकलो!

आणि विषय खरंच एकत्र आलेत का, हे पाठांतरावर चालणाऱ्या पेपरात दिसतच नाही हो. पेशी छोटी का असते विचारलं की पृष्ठफळ-घनफळाचं गुणोत्तर सगळेच लिहितात. पुढे विचारा, नुसत्या डिफ्युजनने, म्हणजे आपोआप पसरत, रेणूला दहापट लांब जायला किती वेळ लागेल? बरीच मुलं दहापट म्हणतील. जी मुलगी मध्येच थांबून "रेणू सरळ कुठे जातो, भटकत जातो ना, म्हणजे वेळ अंतराच्या वर्गाने वाढणार, मग शंभरपट" असं म्हणते तिच्या डोक्यात बायॉलॉजी आणि मॅथ्स भेटलेत. दोन्ही गटांतली पंधरा-वीस मुलं समोर बसवून असं मोठ्याने विचार करायला लावा, वेळ जातो पण रिपोर्टचा जीव त्यातच आहे.

अजून एक, कोर्स मध्येच सोडून गेलेली मुलं सरासरीतून गळालेली असतात. त्यांना फोन करा, का सोडला विचारा, आणि त्यांचा आकडा रिपोर्टच्या पहिल्या पानावर द्या.