आपल्यात म्हणजे कोणात?

लेस्टर, रविवार रात्र

सई बाळा,

काल फोनवर तू विचारलंस आणि तेवढ्यात आजीने जेवायला हाक मारली, म्हणून राहिलं. तिच्या देखत बोलण्यासारखं ते नव्हतंच. म्हणून लिहितेय. अडलं तर मामीला विचार, आजीला नको.

तू मामीबरोबर पुणे फेस्टिव्हलमधली 'मिस पुणे फेस्टिव्हल' स्पर्धा बघून आलीस, रात्री कपाटाच्या आरशापुढे चालून दाखवलंस आणि जाहीर केलंस की मोठी झाले की मी मिस इंडियाला उभी राहणार. (जन्म तुझा इंग्लंडचा, पासपोर्टचं नंतर बघू.) आजी गवार मोडता मोडता म्हणाली, "आपल्यात असलं करत नाहीत." तू तणतणत खाली झोयाकडे गेलीस, तर तिची दादी म्हणाली, "हमारे में ऐसा नहीं चलता." तुझा प्रश्न असा, की देव वेगळे, सण वेगळे, आणि दोघी एकच वाक्य कसं बोलल्या? आणि 'आपल्यात' म्हणजे नेमकं कोणात?

आधी शब्दाचं बघू. इंग्रजीत सगळ्याला एकच 'वुई'. मराठीत 'आम्ही' वेगळं, 'आपण' वेगळं. 'आमच्यात लसूण चालत नाही' असं मी पाहुण्याला सांगितलं, तर तो उंबऱ्याबाहेर आणि मी आत. 'आपल्यात' म्हटलं, की ऐकणाऱ्यालाही हाताला धरून आत घेतलं. आजीने तुला आत घेतलं आणि लगेच कडी लावली. दादीच्या 'हमारे में'मध्ये तू होतीस की नव्हतीस, ते कळायला मार्गच नाही.

आता गंमत बघ. या स्पर्धा सुरू झाल्या तेव्हा 'आपल्यात करत नाहीत' असं म्हणणारी घरं देशभर होती. मग उभ्या कोण राहिल्या? मागच्या वर्षी आपण कॅम्पात लाल देऊळ बघायला गेलो होतो, आठवतं? लाल विटांचं, उंच मनोऱ्याचं, आणि तू विचारलंस की देऊळ म्हणतात तर घंटा कुठे आहे. ते ज्यू लोकांचं. बांधणारे डेव्हिड ससून बगदादी ज्यू होते. १९४७ ची पहिली मिस इंडिया त्याच बगदादी समाजातली, पण कलकत्त्याची. नाव एस्थर व्हिक्टोरिया अब्राहम, सिनेमात प्रमिला. तिने लग्न केलं ते मुसलमान नटाशी, आणि त्यांची मुलगी नकी जहाँ १९६७ मध्ये मिस इंडिया झाली. १९५२ मध्ये मिस युनिव्हर्सच्या पहिल्याच स्पर्धेला भारतातर्फे गेली इंद्राणी रहमान. शास्त्रीय नृत्य करणारी. वडील बाजपेयी, आई जन्माने अमेरिकन, नवरा हबीब रहमान, आर्किटेक्ट. लग्न झालेलं, पदरी मुलगी. पुढे कितीतरी वर्षं लग्न झालेल्या बायकांना त्या स्पर्धेचं दार बंद होतं, ते २०२३ मध्ये उघडलं. १९५९ ला मिस वर्ल्डला गेलेली फ्लेर इझिकेल ज्यू, १९६५ ची मिस इंडिया पर्सिस खंबाटा पारशी, १९७६ ची नफीसा अली, वडील मुसलमान आणि आई कॅथलिक. वर्गात ज्यांना शेवटच्या बाकावर बसवलं असतं त्या मुली देशाचं नाव छातीवर लावून पुढे गेल्या.

आणि १९६६ ची रीटा फारिया. मुंबईची, गोव्याकडची कॅथलिक, ग्रँट मेडिकल कॉलेजात डॉक्टरकी शिकणारी. लंडनला जायचं तर जवळ धड कपडे नाहीत. स्विमसूट उसना घेतला तो पर्सिस खंबाटाचा. तरी ती मिस वर्ल्ड झाली, आशियातली पहिली. मग सिनेमा वगैरे न करता परत अभ्यासाला लागली आणि डॉक्टर झाली. मला या सगळ्या लखलखाटात आवडणारी बाई ही एकच.

तुला वाटेल, आई या स्पर्धांची वकिली करतेय. तसं नाही. क्रीम-शॅम्पू विकणाऱ्यांची ती जत्रा आहे, आणि धर्म विचारत नसले तरी उंची विचारतात, रंग बघतात, इंग्रजी बघतात, आणि तयारीचा खर्च बापाच्या खिशाला परवडतो का हेही आपोआप बघितलं जातं. पण आजीचं कारण हे नाही. आणि खरं सांगू? आजी स्वतः अशा स्पर्धेतून गेलेली आहे.

म्हणजे चहा-पोहे. तिला 'बघायला' आले तेव्हा पाच माणसं आली होती. स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीपर्यंत ट्रे घेऊन चालत यायचं, लंगडत नाही ना ते बघायला. सुईत दोरा ओवून दाखवायचा, नजर बघायला. केसरी हातात दिला, वाचून दाखव म्हणून. आजी पहिल्या फेरीत पास. तिच्या थोरल्या बहिणीला, आमच्या ताईमावशीला, 'सावळी' म्हणून सात ठिकाणांहून नकार आला आणि आठव्याने होकार दिला तो हुंडा वाढवून. तिथे स्विमसूट नव्हता एवढंच. अजून एक फरक होता. त्या रांगेतल्या सगळ्या मुली एकाच पोटजातीच्या. गोत्र आणि पत्रिका जमल्याशिवाय पोहे भिजतच नसत. ज्यू, पारशी, कॅथलिक, शीख मुली एका रांगेत उभ्या आहेत आणि परीक्षक आडनावावरून कोणाला बाहेर काढत नाही, असं दृश्य आजीने आयुष्यात फक्त टीव्हीवर पाहिलं असेल.

आणि ते तिने आवडीने पाहिलं आहे, हे तुला ती सांगायची नाही. १९९२ मध्ये मधु सप्रे मिस युनिव्हर्समध्ये तिसरी आली. देशाची प्रमुख झालीस तर काय करशील, या प्रश्नावर ती म्हणाली, गरिबी एका वर्षात जाणार नाही, मी खेळाची मैदानं बांधीन. पहिला नंबर त्या उत्तराने घालवला असं सगळे म्हणाले. आजीने पेपर दुमडत एवढंच म्हटलं, "सप्रे. म्हणजे आपल्यातलीच की." दोन वर्षांनी सुश्मिता सेन आणि ऐश्वर्या राय जिंकल्या. एक बंगाली, एक मंगळूरकडची, तरी आपल्या रास्ता पेठेतल्या वाड्यात 'आपल्या मुली जिंकल्या' म्हणून बर्फी वाटली गेली. झोयाच्या दादीनेही तेव्हा खाल्लीय ती.

आता माझी गोष्ट. १९९६ च्या नोव्हेंबरात मिस वर्ल्ड बंगळूरला भरली. तिथे संस्कृतिरक्षक एका बाजूने आणि बायकांच्या संघटना दुसऱ्या बाजूने रस्त्यावर आल्या, पोहण्याच्या पोशाखाची फेरी सेशेल्सला न्यावी लागली. महिन्याभरात आमच्या कॉलेजचं गॅदरिंग होतं. प्राचार्यांकडे एकाच सकाळी दोन निवेदनं गेली, एक संस्कृती बुडते म्हणून, एक स्त्रीचा बाजार मांडता म्हणून. सरांनी पुणेरी तोड काढली. स्पर्धा तीच, नाव 'व्यक्तिमत्त्व स्पर्धा'.

मी नाव दिलं. आईची, म्हणजे तुझ्या आजीची, मोरपंखी नारायणपेठी गुपचूप काढली. उंच टाचेच्या सँडल दिल्या मर्लिनने. ती कॅम्पातली, खरं तर तिलाच भाग घ्यायचा होता, पण तिची आई म्हणाली, "आमच्यात नाही चालत, चर्चमध्ये लोक काय म्हणतील?" त्यांच्या घरी अल्बममध्ये रीटा फारियाचा मासिकातून कापलेला फोटो मी स्वतः पाहिला होता, चारी कोपरे नीट चिकटवलेला.

आम्ही नऊजणी होतो. तुमचा आदर्श कोण, असा प्रश्न. सहाजणींनी मदर तेरेसा सांगितलं. सगळ्या पेठांतल्या, गणपतीत अथर्वशीर्षाला जाणाऱ्या. खाली मर्लिन तोंडाला रुमाल लावून हसत होती. मी तिसरी आले. तुळशीबागेतून आणलेल्या सॅटिनच्या पट्टीवर सोनेरी कागदाची अक्षरं फेव्हिकॉलने चिकटवली होती, त्यातला 'त्त्व' घरी येईपर्यंत पडला.

तू जिथे जन्मलीस त्या देशात २००५ साली मिस इंग्लंड झाली हम्मासा कोहिस्तानी, अफगाण आईबापांची मुसलमान मुलगी. तेव्हाही तिच्या लोकांतून 'आपल्यात नाही' झालंच. मलेशियात तर २०१३ मध्ये चार मुसलमान मुलींना ऐन स्पर्धेतून काढलं, फतवा होता म्हणून. बाकी धर्माच्या मुलींना मोकळीक. म्हणजे देशात बहुसंख्य ज्या धर्माचे, त्यांच्याच मुलीला देशाचं नाव लावायची बंदी. नायजेरियात २००२ मध्ये एका पेपरात मिस वर्ल्डवरून धर्माबद्दल नको ते छापून आलं, कडुना शहरात दंगल पेटली, २०० हून जास्त माणसं मेली आणि स्पर्धा लंडनला हलवली. ते तू मोठी झालीस की वाच. आजीच्या गवारीच्या ताटापर्यंत निदान दंगल येत नाही. आणि तू ज्या फेस्टिव्हलला गेलीस त्यात गणपतीपुढे लावणी असते, ही स्पर्धा असते आणि उर्दू मुशायराही असतो. दादीला मुशायऱ्याला घेऊन जायला मामीला सांग, दरवर्षी ती कोणी नेईल म्हणून वाट बघते.

नारायणपेठीचं राहिलं. स्पर्धेनंतर चार दिवसांनी आईने साड्यांना ऊन दाखवायला म्हणून कपाट उघडलं. खांद्यापाशी पिनेने पडलेलं भोक तिला लगेच दिसलं. मी दाराशी उभी, पोटात गोळा. साडी कुठे नेली होतीस, हे तिने विचारलंच नाही. "पिन आतल्या घडीला लावायची असते, वरच्या पदराला नाही," म्हणाली आणि चष्मा लावून रफू करायला बसली. सुईत दोरा पहिल्या फटक्यात.

ती साडी अजून आहे, कपाटात डावीकडे, खालून तिसरी. एखाद्या दुपारी झोयाला वर बोलाव आणि आजीला म्हण, दाखव ना. रफू बोटाला लागतं, डोळ्याला दिसत नाही. मग हळूच विचार, तुला बघायला आले तेव्हा केसरीतली कुठली बातमी वाचायला दिली होती. तिला अजून आठवते. मला एकदा सांगायला लागली होती आणि मध्येच भाजी करपेल म्हणून उठली.

तुझी,
आई

ता. क. मामीने व्हिडिओ पाठवला. चालताना पायांकडे बघतेस. समोर बघ.