टीव्हीला रास्पबेरी पाय जोडावा की सरळ स्टिक घ्यावी?

तुमचा प्रश्न असा: घरातल्या जुन्या ३२ इंची टीव्हीला रास्पबेरी पाय (तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर) जोडून हार्ड डिस्कवरचे सिनेमे आणि घरचे व्हिडिओ बघता येतील का, पाय ४ घ्यावा की ५, आणि ‘एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा’ टीव्हीत खोचायची स्ट्रीमिंग स्टिक बरी का? त्या ‘उपद्व्याप’ शब्दासाठी लिहायला बसलोय. आमच्या दाजींनी हाच शब्द २०१८ साली गौरीजेवणाच्या दिवशी, भरल्या घरात, माझ्या तोंडावर फेकला होता.

झालं असं, की ताईच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट मी कऱ्हाडात एकाकडून कॉम्प्युटरवर उतरवून आणली होती. त्यात अप्पा आहेत. अप्पा जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती आणि आईला त्यांचा आवाज ऐकायचा होता. पाय ३ घेतला, मेमरी कार्डावर लिबरइलेक (कोडी चालवण्यापुरती छोटी ऑपरेटिंग सिस्टिम) टाकलं, कोडी, म्हणजे सिनेमे-व्हिडिओ लावायचा प्रोग्रॅम, सुरू झालं. रात्री सगळं तपासलं. पुरणपोळ्या झाल्यावर पंचवीस माणसं टीव्हीसमोर बसवली आणि लावलं.

चित्र आलं. आवाज नाही. वर कोपऱ्यात पिवळ्या विजेचं चिन्ह उगवायचं आणि चित्र अडखळायचं. अक्षता हातात घेऊन अप्पा मांडवात उभे, तोंड हलतंय, आवाज शून्य. मागून दाजी, म्हणजे पडद्यावरचे नवरदेवच, म्हणाले, “काय ओ इंजिनियर, मूकपट लावलाय व्हय? ह्या उपद्व्यापापेक्षा दोन-तीन हजाराची स्टिक आणली असती की!” सगळे हसले. आई काही न बोलता उठून आत गेली.

चूक पायची नव्हती, माझी होती. आदल्या रात्री घर झोपलेलं म्हणून मी हेडफोन लावून तपासलं होतं आणि कोडीत आवाजाची वाट हेडफोनच्या भोकाकडे वळवली होती. ती परत एचडीएमआयवर आणायची राहिली. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, त्यात ऑडिओ, अर्ध्या मिनिटाचं काम. आणि ती वीज? जुन्या मोबाइलचा एक अँपिअरचा चार्जर लावला होता. पाय ३ला अडीच अँपिअर लागतात, वर हार्ड डिस्कही त्याच्याच यूएसबीवर जगत होती. व्होल्टेज ४.६३च्या खाली गेलं की ते चिन्ह येतं आणि पाय स्वतःचा वेग कमी करतो. चार्जर बदलला, डिस्कला स्वतःच्या अॅडॅप्टरचा हब दिला. त्यानंतर ती वीज दिसली नाही.

म्हणून अॅडॅप्टरमध्ये काटकसर करू नका. तुमच्यासाठी पाय ४ पुरे. त्याला ५ व्होल्ट, ३ अँपिअर लागतात. ५ला पाच अँपिअरचा अॅडॅप्टर लागतो आणि तीनचा लावला तर तो यूएसबीची वीज कमी करतो, म्हणजे डिस्क पुन्हा उपाशी. ४ला छोट्या तोंडाची मायक्रो एचडीएमआय केबल लागते. दोन भोकांपैकी पॉवरच्या शेजारचं वापरा. आधी टीव्ही चालू करा, मग पाय. कॅसेटवरून उतरवलेल्या व्हिडिओत हात हलला की बांगड्यांना करवतीसारखे दाते दिसतात, तेव्हा कोडीत डीइंटरलेस, म्हणजे ते दाते घालवायची सोय, चालू करा. चित्र सरकताना हिसके बसत असतील तर टीव्हीचा रिफ्रेश रेट (पडदा सेकंदाला किती वेळा चित्र नवं करतो ते) व्हिडिओप्रमाणे बदलायची सोय कोडीतच आहे. आपल्याकडच्या कॅसेटी सेकंदाला २५ फ्रेमच्या, त्यांना ५० हर्ट्झ मानवतं.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी शोधा, प्रत्येक कंपनीने त्याला वेगळं नाव दिलंय. ते चालू केलं की टीव्हीच्याच रिमोटने कोडी चालतं. आई आज ७६ वर्षांची आहे. बाण खाली, बाण खाली, ओके, आणि ताईचं लग्न सुरू. मला हाकही मारत नाही.

हां, एक राहिलं, आणि खरं तर हे आधी सांगायला हवं होतं. नेटफ्लिक्स वगैरेच बघायचं असेल तर पाय घेऊ नका. त्यांच्या एचडीला वाइडवाइनची (कॉपी रोखणाऱ्या कुलपाची) जी वरची पातळी लागते ती पायकडे नाही, चित्र धुरकट येतं. तिथे स्टिकच बरी. दाजींचं तेवढं बरोबर होतं. तेवढंच.

कारण गेल्या दिवाळीत दाजींनी ५५ इंची स्मार्ट टीव्ही घेतला आणि भाच्याने ब्लू-रेवरून उतरवलेला सिनेमा पेन ड्राइव्हवर लावला. चित्र झकास, आवाज नाही. खाली ओळ: ऑडिओ फॉरमॅट सपोर्ट करत नाही. आवाज डीटीएस नावाच्या फॉरमॅटमध्ये होता आणि तो बऱ्याच नव्या टीव्हींना कळत नाही. कोडीला कळतो. पाडव्याला दाजी पेन ड्राइव्ह खिशात घालून आमच्याकडे आले. मी लावून दिला. मूकपटाचं काही बोललो नाही, आवाज मात्र जरा मोठा ठेवला.