नगरपालिकेचा बोअर दर उन्हाळ्यात बंद पडतो, दरवेळी खरंच मोटार जळालेली असते का?

तुमचा प्रश्न असा आहे की कॉलनीतला नगरपालिकेचा बोअर दर एप्रिलला बंद पडतो, ऑफिसात गेलं की मोटार जळाली म्हणून सांगतात, पंधरा दिवस जातात आणि नंतर पाणी येतं ते पण आधीपेक्षा कमी, तर खरंच मोटार जळते का आणि या बोअर-विहिरींची देखभाल करतात तरी कशी. मी इंजिनिअर नाही आधीच सांगतो. मराठवाड्यातल्या एका नगरपरिषदेच्या मोटारी काढायचं-सोडायचं काम आमच्याकडे होतं, आधी वडिलांकडे मग माझ्याकडे, अठरा-एकोणीस वर्षं. त्यामुळे जे हाताखालून गेलंय तेवढंच लिहितो.

मोटार जळते हे खरंय. फक्त ती का जळली हे कुणी बघत नाही म्हणून पुढच्या एप्रिलला परत जळते.

बघा, सबमर्सिबल म्हणजे पाण्यात बुडवून टांगलेली मोटार थंड राहते ती तिच्या अंगावरून जाणाऱ्या पाण्याने. आता समजा बोअर चारशे फूट आहे, मोटार तीनशेवर टांगलीय, आणि मार्च संपता संपता पाणी दोनशे ऐंशीवर गेलं. सकाळी बटण दाबलं की अर्धा तास चांगलं पाणी, मग पाणी धापा टाकायला लागतं, हवा-पाणी-हवा-पाणी, पाईप थरथरतो. तेव्हा बंद करायला पाहिजे. पण ऑपरेटर एक, त्याच्याकडे आठ-दहा बोअर, तो बटण दाबून पुढच्या बोअरवर गेलेला असतो. ड्राय रन म्हणजे पाण्याविना मोटार चालणं, ते कट करणारं पॅनल असतं की, असतं, पण ते सारखं ट्रिप होतं आणि लोक ओरडतात म्हणून कुणीतरी दोन वायरी जोडून ते बायपास करून ठेवलेलं असतं, आमच्याकडे त्याला स्टार्टर डायरेक्ट करणं म्हणतात. मी उघडलेल्या दहातल्या सहा-सात पेट्या तरी डायरेक्ट केलेल्या बघितल्यात. सिंगल फेजिंगचं पण तेच, तीनपैकी एक फेज गेला की मोटार नुसती हुं हुं करत उभी राहते, करंट जास्त ओढते आणि वाइंडिंग म्हणजे आतली तारेची गुंडाळी काळी पडते, ते वाचवायला असलेलं यंत्र पण त्याच पेटीत बायपास होऊन पडलेलं. वरून लाईट आली की आजूबाजूच्या सगळ्या ऑटो स्विचवाल्या मोटारी एकदम उठतात आणि व्होल्टेज बसतं.

हे झालं मोटारीचं. पण खूप वेळा मोटार धडधाकट असते आणि तरी 'मोटार गेली' म्हणून बाहेर निघते, पैसे लागतात आणि दिवस जातात.

एक किस्सा सांगतो. एका वॉर्डातला बोअर, पाच एचपी, तक्रार काय तर पाणी निम्मं झालंय. कागदावर आलं मोटार बदला. मी पोचलो, पेटीतला अँपियर मीटर, म्हणजे मोटार किती करंट ओढते ते दाखवणारा, सुदैवाने चालू होता, नऊच्या आसपास दाखवत होता म्हणजे जेवढा पाहिजे तेवढाच. पाणी धापा पण टाकत नव्हतं, एकसारखं येत होतं पण बारीक. केसिंगच्या, म्हणजे बोअरच्या वरच्या भागात बसवलेल्या मोठ्या पाईपच्या, तोंडाला कान लावला तर आत पाऊस पडल्यासारखा आवाज. तिथंच कळलं. तरी चिमटे लावून, तिवड्याला, म्हणजे तीन पायांच्या घोडीला, चेन कप्पी बांधून काढायला सुरुवात केली, वीस फुटी जीआय पाईप, एकूण पंधरा. सातव्या पाईपच्या आट्याच्या जरा खाली ज्वारीच्या दाण्याएवढं भोक, कडेला गंज खाऊन पाईप कागदासारखा झालेला. अर्धं पाणी तिथूनच परत बोअरमध्ये पडत होतं, म्हणजे तीच मोटार तेच पाणी दिवसभर वर-खाली करत होती आणि लाईट बिल नगरपरिषद भरत होती. एक पाईप बदलला, आट्यांना धागा-सफेदा लावून परत सोडली. मेकॅनिकने एव्हाना नवीन मोटारीचं कोटेशन दिलेलं होतं, तो पुढं दोन महिने माझ्याशी बोलला नाही.

मग ओळखायचं कसं. अँपियर पडला आणि पाणी पण पडलं तर खाली पाणी नाही. अँपियर तसाच पण पाणी कमी, तर बहुतेक पाईप फुटलाय. बटण दाबल्यावर पाणी वर यायला नेहमीपेक्षा मिनिट-दोन मिनिट जास्त लागतायत तर एनआरव्ही म्हणजे पाणी मागं न जाऊ देणारा व्हॉल्व्ह तरी गळतोय किंवा पाईपला भोक आहे, रात्रीतून पाईप रिकामा होतोय. अँपियर हळूहळू वर्षभर बदलत गेला, वर आवाज पण बदलला, तर इंपेलर म्हणजे पंपातली पाणी फेकणारी चाकं झिजलीत किंवा क्षार धरलेत, आमच्याकडचं खोल पाणी एवढं जड की बाऊलच्या, म्हणजे इंपेलरच्या वाटीच्या, आत पांढरा चुना हाताने खरवडून निघतो. अँपियर एकदम चढला तर व्होल्टेज बघा, मग भार झेलणारं थ्रस्ट बेअरिंग. मोटार काढायच्या आधी वरूनच केबलला मेगर म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर लावलं तर वाइंडिंग गेलंय का हे पाच मिनिटात कळतं. किती वेळा तर फक्त केबलचा जॉइंट ओला झालेला असतो, टेप नीट न गुंडाळल्यामुळे.

हे सगळं कळायला तीन आकडे लागतात, पाणी किती फुटावर आहे, अँपियर किती, आणि पाणी किती पडतंय. तिसऱ्यासाठी मशीन बिशीन काही नको. दोनशे लिटरचा बॅरल ठेवा आणि मोबाईलवर वेळ लावा. दीड मिनिटात भरला तर तासाला आठ हजार लिटर, सहा तास चालला तर अठ्ठेचाळीस हजार, म्हणजे दहा हजारी टँकरच्या जवळपास पाच खेपा. आपल्याकडे कुणाला विचारा 'दोन इंची पाणी आहे' म्हणतील, पण दोन इंची म्हणजे किती ते सांगणारा अजून भेटायचाय. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, जी १९७२ च्या दुष्काळात सुरू झाली, ती त्यांच्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. आम्ही ज्या बोअरवर अख्खा वॉर्ड जगवत होतो त्याची एकदाही कुणी मोजलेली नव्हती.

आता दर वर्षी लोकांना सुचतं ते म्हणजे मोटार अजून खाली सोडा. सोडता येते पण पाणीच खाली गेलेलं असतं म्हणून ते जास्त उंच उचलावं लागतं, तेवढ्याच स्टेजचा म्हणजे तेवढ्याच इंपेलरचा पंप असेल तर पाणी कमीच येणार, म्हणून तुम्हाला दुरुस्तीनंतर पाणी कमी वाटतं त्याचं एक कारण हे असू शकतं. आणि तळाला टेकवून तर कधीच सोडायची नाही, दहा-पंधरा फूट वर ठेवायची, नाहीतर गाळ ओढून बेअरिंग खाते. भिंतींवर 'बोअरमध्ये अडकलेली मोटार काढून मिळेल' अशा पाट्या बघितल्या असतील, त्यातल्या बऱ्याच मोटारी अशाच गाळात रुतलेल्या असतात, नाहीतर मधल्या गेरूच्या, म्हणजे लाल मातीसारख्या, थराला केसिंग नव्हतं, तो ओला होऊन ढासळला आणि वरून बसला. आपला दख्खनचा दगड असाच, काळा पाषाण, मग मांजऱ्या म्हणजे छिद्रांचा दगड, मग लाल गेरू, परत पाषाण. पाणी फक्त भेगांमध्ये आणि मांजऱ्यात, पाषाणात थेंब नाही. म्हणून खोल गेलं की पाणी लागतंच हे साफ खोटं आहे, पाचशे फूट कोरडी धूळ उडालेली मी स्वतः बघितलीय.

बोअर दुरुस्तीचं म्हणाल तर पहिलं फ्लशिंग, म्हणजे गाडीचा कॉम्प्रेसर लावून आतला गाळ उडवायचा. भेगा गाळाने बंद झाल्या असतील तर फरक पडतो, पाणीच खाली गेलं असेल तर नुसता चिखल उडतो. त्याच्या पुढचं हायड्रोफ्रॅक्चरिंग, बोअरमध्ये पॅकर म्हणजे घट्ट बसणारं बूच बसवून दाबाने पाणी मारतात म्हणजे बुजलेल्या भेगा मोकळ्या होतात, हे भूजलवाल्यांकडून करून घेता येतं आणि नवीन बोअरपेक्षा आधी हे करून बघावं असं माझं मत, पण नवीन बोअरला नारळ फोडता येतो आणि याला येत नाही. आणखी एक, पहिल्या पावसात बोअरचं पाणी गढूळ येत असेल तर केसिंगच्या कडेने वरचं पाणी आत उतरतंय, शेजारी गटार असेल तर गटाराचं पण. त्याला ओटा फोडून केसिंगभोवती सिमेंट भरणं, केसिंग दीड-दोन फूट वर घेणं आणि नवीन ओटा एवढाच इलाज. ओट्याची भेग सगळ्यांना दिसते पण दुरुस्तीच्या यादीत ती कधीच नसते.

आणि तुमच्या कॉलनीत खासगी बोअर किती झाले ते मोजा. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर-बोअर घ्यायचा नाही हा नियम १९९३ च्या कायद्यापासूनचा आहे. गल्लीत रात्री बोअरची गाडी आली की सगळ्यांना आवाज येतो, नियम कुणालाच ऐकू येत नाही.

विहिरींबद्दल पण विचारलंत म्हणून. जुन्या गावठाणात नगरपालिकेच्या ज्या विहिरी आणि आड आहेत ते नळ आले तसे कचराकुंडी झाले. दुष्काळ पडला की आठवतात, मग टंचाई आराखड्यात 'गाळ काढणे, खोलीकरण' असा कागद फिरतो. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं तेव्हा सुद्धा ते उतरवून घ्यायला स्टेशनजवळची एक मोठी विहीरच कामाला आली. गाळ काढायचं काम यारी म्हणजे गाळ वर ओढायची क्रेन लावून होतं, वरून सोपं दिसतं पण दोन गोष्टी जिवावरच्या आहेत. एक, जुनी सुक्या दगडाची बांधलेली विहीर मोठा पंप लावून एका दिवसात उपसायची नाही, बांधकामामागं मुरलेलं पाणी आतून ढकलतं आणि अख्खी बाजू खाली येते, थोडी उपसा, थांबा, परत उपसा. दुसरी, बंद पडलेल्या विहिरीत माणूस सरळ उतरवायचा नाही. खाली वायू साचलेला असतो. आमचे वडील आधी कंदील सोडायचे, विझला की काम बंद. पण एक लक्षात ठेवा, कंदील फक्त हवा संपलीय एवढं सांगतो, विषारी वायू असला तरी तो जळत राहू शकतो, म्हणून आता ब्लोअर लावून बराच वेळ हवा मारतो आणि माणसाच्या छातीला दोर बांधून वर दोघं उभे करतो. डिझेल इंजिन विहिरीत उतरवून उपसायचं तर नावच काढू नका, त्या धुराने वर येता येत नाही. एक बेशुद्ध पडला म्हणून दुसरा उडी मारतो आणि मग तिसरा, अशा बातम्या दर उन्हाळ्यात वाचतोच आपण.

गाळ निघाला, झरे मोकळे झाले, गरज वाटली तर तळाशी आडवे बोअर मारले, मग टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. इथं पण अंदाजपंचे दाहोदरसे चालतं, डबा उचलला आणि ओतला. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत तीन मीटर पाणी असेल तर ते साधारण ८५ हजार लिटर होतं, रोजच्या डोसला हजार लिटरला अडीच ग्रॅम धरले तर दोनशे ग्रॅमच्या थोडं वर पावडर लागते. पावडर चांगली म्हणजे ३३ टक्के क्लोरीनची पाहिजे, उघड्या पोत्यातली वर्षभर जुनी म्हणजे चुनाच. बादलीत कालवून, गाळ बसू देऊन वरचं पाणी विहिरीत सोडायचं आणि अर्ध्या-एक तासाने ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का ती चाचणी, घ्यायची. मोटार काढून-सोडून झालेल्या बोअरला पण क्लोरीन टाकायचं असतं, पाईप आठवडाभर रस्त्यावर पडलेले असतात आणि त्यावर कुत्री बसलेली असतात, हे कुणी करत नाही. जो बोअर कायमचा गेला तो तळापासून वरपर्यंत माती-दगडाने बुजवायचा असतो, सुप्रीम कोर्टाच्या २०१० च्या सूचना आहेत. वर फरशी ठेवून चालत नाही.

तुम्ही काय करू शकता. पंधरा दिवस लागतात त्यातलं प्रत्यक्ष काम एका दिवसाचं असतं, बाकीचे मंजुरी, मेकॅनिकची वाट आणि वाइंडिंगवाल्याकडचा नंबर. ते तुमच्या हातात नाही. पण पुढच्या वेळी मोटार निघेल त्या दिवशी सकाळी सातला जाऊन उभे राहा, तेव्हाच काम सुरू होतं, नंतर उन्हात पाईप हाताला चटके देतो. पाईप निघत जातील तसे मोजा. वरचे पाईप बाहेरून कोरडे, नुसता गंज, आणि कुठूनतरी ओले आणि क्षाराने पांढरे लागायला सुरुवात होईल. कोरडे मोजा, वीसने गुणा, तेवढ्या फुटांवर पाणी आहे, तो आकडा मार्कर पेनने पेटीच्या दाराच्या आतून तारखेसकट लिहून ठेवा.