एक्सरे नॉर्मल, तरी पाऊल टेकवत नाही

प्रश्न: आमचे हे मासेमारीच्या होडीवर असतात. नारळी पौर्णिमेनंतर बंदरात होडीवरनं उतरताना पाऊल दोरात अडकलं आणि तसेच पुढे पडले. पावलाचा मधला भाग टम्म सुजला, तळव्यालाही काळंनिळं झालं. एक्सरे नॉर्मल आला, मुका मार आहे म्हणाले. तीन आठवडे झाले, रोज तेल लावून चोळतोय पण अजून टाचेवरच लंगडत चालतात. परत एक्सरे काढायचा का?
– एक वाचक, देवगड

उत्तर: ताई, आधी ते चोळणं बंद करा, आजच. आणि एक्सरे परत काढायचाच, पण उभं राहून आणि दोन्ही पावलांचा. पहिला बहुतेक झोपवून काढला असेल, पायावर वजन नसलं की सैल झालेली हाडं जागच्या जागी दिसतात आणि रिपोर्ट नॉर्मल येतो, असं बऱ्याच जणांचं होतं.

मला खटकलं ते तळव्याचं काळंनिळं. घोटा मुरगळला तर रक्त घोट्याच्या आजूबाजूला साकळतं, तळव्याच्या मधोमध दिसलं तर लिसफ्रँकची दुखापत नाही ना हे बघावंच लागतं (म्हणजे पावलाच्या मधल्या भागातल्या सांध्यांची; नाव नेपोलियनच्या काळातल्या फ्रेंच सर्जनचं). दुसऱ्या बोटाचं लांब हाड मागच्या हाडांमध्ये चिऱ्याच्या कमानीतल्या मधल्या दगडासारखं अडकवलेलं असतं, आणि त्याला आतल्या बाजूच्या हाडाशी धरून ठेवणारं एक जाड लिगामेंट (हाडांना बांधणारा चिवट पट्टा) असतं. पहिल्या आणि दुसऱ्या लांब हाडांच्या बुडाशी एकमेकांना बांधणारं दुसरं काही नसतंच, त्यामुळे हे लिगामेंट फाटलं की तिथे फट पडते, 2 मिलिमीटरच्या वर गेली तरी ती जास्तच धरतात. दुखण्यामुळे उभंच राहता येत नसेल तर सीटी स्कॅन करतात.

हाडं सरकलेली नसतील तर साधारण 6 आठवडे प्लास्टर किंवा बूट, पाय अजिबात टेकवायचा नाही. सरकली असतील तर ऑपरेशन करून स्क्रू नाहीतर प्लेट, मग पूर्ववत व्हायला कित्येक महिने. बंदी उठून सीझन आत्ता कुठे सुरू झालाय, यांना घरी बसवणं किती अवघड ते कळतंय मला, पण असंच होडीवर गेले तर पावलाची कमान बसते, सांधा झिजतो आणि मग ते दुखणं कायमचं. शुगर असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

पहिला एक्सरे बरोबर न्या, ऑर्थोपेडिककडेच जा आणि ‘उभं राहून काढा’ हे स्वतःहून सांगा, तोपर्यंत कुबड्या.