फर्निचर मोजता येतं, मग अनकाउंटेबल कसं?

प्रश्न: परवा ऑफिसच्या मेलमध्ये मी 'न्यू फर्निचर्स हॅव कम' लिहिलं तर मॅडमनी शेवटचा एस खोडून परत पाठवलं, म्हणाल्या फर्निचर अनकाउंटेबल आहे. अहो, टेबलं 4 आणि खुर्च्या 16, मी स्वतः मोजून चलनावर सही केलीय! शाळेत तर शिकलो की पाणी, दूध असलं मोजता येत नाही ते अनकाउंटेबल. मग हे काय?
– एक वाचक, सांगली

उत्तर: मॅडम बरोबर आहेत, पण तुमचं डोकं फिरणंही साहजिक आहे, कारण शाळेतली ती व्याख्याच अर्धवट आहे. वस्तू मोजता येते का हा प्रश्नच नाही, इंग्लिश त्या शब्दाला एक-दोन-तीन लावू देतं का एवढंच बघायचं. चेअर मोजा, टेबल मोजा, पण फर्निचर म्हटलं की सगळं सामान एकत्र धरतात, म्हणून 'द न्यू फर्निचर हॅज कम', आणि नग सांगायचेच असतील तर '20 पीसेस ऑफ फर्निचर'. लगेज, इक्विपमेंट, स्टेशनरी त्याच जातीचे. यात लॉजिक शोधू नका, इन्फर्मेशनचं अनेकवचन फ्रेंच लोक बिनधास्त करतात, इंग्लिशला ते चालत नाही.

आपली खरी पंचाईत मराठीमुळे होते. पैसे संपले, केस पिकले, बातम्या आल्या, आपलं सगळं अनेकवचनात, आणि तिकडे मनी इज, हेअर इज, न्यूज इज. सल्ले तर आपण उठताबसता देतो पण 'अ‍ॅडव्हाइसेस' एकही देता येत नाही! त्यात हेअर भलताच डांबिस, डोक्यावरचे सगळे मिळून 'माय हेअर इज ग्रे', पण सूपमध्ये एक सापडला की 'देअर इज अ हेअर इन माय सूप' आणि दोन सापडले तर चक्क 'टू हेअर्स'. कॉफीही तशीच, एरवी अनकाउंटेबल पण हॉटेलात 'टू कॉफीज प्लीज' चालतं, कारण तिथे कप मोजतात.

इंग्रजांचाही घोळ झालाय हं. मटारला आधी 'पीज' हा एकवचनीच शब्द होता, शेवटचा आवाज ऐकून लोकांना ते अनेकवचन वाटलं आणि 17व्या शतकात दाण्याला 'पी' म्हणायला लागले.

शंका आली तर ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजची शिकणाऱ्यांसाठीची डिक्शनरी उघडा, नामाजवळ सी म्हणजे काउंटेबल, यू म्हणजे अनकाउंटेबल, हेअरसारख्यांना दोन्ही. आणि मेनी का मच यात अडकलात तर 'अ लॉट ऑफ' लिहून मोकळे व्हा, दोन्हीकडे चालतं, मी पण घाईत तेच करते.