बिलात सर्व्हिस चार्ज लावलेला असेल तर वेटरला वेगळी टिप द्यायची का? आणि किती?

आधी बिल नीट वाचा. जीएसटी (बहुतेक हॉटेलांत ५ टक्के) सरकारचा, त्यावर वाद नाही. सर्व्हिस चार्ज मात्र हॉटेलवाल्याने लावलेला असतो. तो परस्पर बिलात घालता येत नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलंय आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. त्यामुळे "हा काढून द्या" म्हणायला लाजू नका. मॅनेजरने आढेवेढे घेतलेच तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे.

चार्ज काढला म्हणून टिपही वाचवायची, हे काही पटत नाही. त्यात वेटरचा काय दोष? बसून निवांत जेवलात तर ५ ते १० टक्के ठीक. उडप्याकडे इडली-चहा झाला तर बडीशेपेच्या बशीत दहा-वीस रुपये ठेवले तरी पुरे. पोरांनी टेबलाखाली भात सांडला असेल, किंवा बाराजण दोन तास ठाण मांडून बसला असाल, तर हात जरा सैल सोडा.

आणि शक्यतो रोख द्या. काउंटरवरच्या क्यूआर कोडवर भरलेली जादा रक्कम मालकाच्या खात्यात जाते, पुढे वेटरला मिळेलच असं नाही. काही ठिकाणी सगळी टिप एका डब्यात जमवून रात्री वाटतात, टेबल पुसणाऱ्या पोराला आणि भांडी घासणाऱ्यालाही त्यातलं मिळतं. विचारलंत तर वेटर सांगतो.

सर्व्हिस खरंच वाईट असेल तर नका देऊ. पण जेवण उशिरा येणं बऱ्याचदा किचनचं काम असतं.