घरचं व्हॅनिला एक्स्ट्रॅक्ट, नागपूरच्या उन्हात

प्रश्न : ताई, केकमधे बाजारचा व्हॅनिला इसेन्स टाकला की औषधासारखा वास येतो, घरी बनवता येईल का? अन् आमच्या इथे मे महिन्यात पारा ४५ वर जातो, मग ते टिकेल का? – एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : येतं ना, अन् एकदा करून बघाच. स्वस्तातला इसेन्स बहुतेक नुसत्या कृत्रिम व्हॅनिलीनचा (व्हॅनिलाच्या वासाचा मुख्य घटक) असतो, व्हॅनिलाच्या खऱ्या शेंगेत त्याच्यासोबत शेकडो सुगंधी घटक असतात म्हणून तो गोल, खोल वास येतो. १०० मिली साध्या व्होडकाला १० ग्रॅम शेंगा घ्या, यात कंजुषी नको, एका शेंगेत बाटलीभर करायला गेलात तर नुसती वासाची व्होडका होईल. शेंगा मऊ, तेलकट पाहिजेत, काडीसारख्या वाळलेल्या नको. उभ्या चिरा, काचेच्या बाटलीत पूर्ण बुडतील अशा ठेवा, आठवड्यातून एकदा हलवा अन् निदान तीन महिने तरी थांबा, सहा झाले तर फारच छान.

उन्हाचं म्हणाल तर अल्कोहोलमुळे ते खराब होत नाही, पण बाटली खिडकीत किंवा गॅसजवळ नको, आतल्या खोलीतलं अंधारं कपाट बरं. फ्रिजची गरज नाही.

घरात दारू चालत नसेल, किंवा माहेर वर्ध्याचं असेल जिथे दारूबंदीच आहे, तर खाण्याचं ग्लिसरीन अन् थोडं पाणी वापरा, वास जरा सौम्य येतो. उरलेल्या शेंगा धुवून वाळवा अन् साखरेच्या डब्यात खोचा, ती साखर शेवयांच्या खिरीत टाकून बघा!